उत्पादन क्षमता आणि शेड्युलिंग: नियोजन पहिल्यांदा हाती घेणाऱ्यांसाठी

नियोजनाचं काम नव्याने हाती आलं की पहिल्याच आठवड्यात प्रश्न येतो: "ही ऑर्डर शुक्रवारपर्यंत निघेल ना?" उत्तर द्यायला दोनच गोष्टी माहीत असाव्या लागतात. कोणत्या मशीनवर प्रत्यक्षात किती मिनिटं हाताशी आहेत, आणि या ऑर्डरला त्या मशीनवर किती मिनिटं लागतील. बाकी सगळं शेड्युलिंग या दोन आकड्यांवर उभं असतं. आकडे चुकीचे असतील तर कितीही महागडं सॉफ्टवेअर आणलं तरी तारखा चुकतातच.

पुढची सगळी गणितं एका लहान मशीन शॉपची आहेत: एक बँड सॉ (बार कापायची करवत), दोन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन) आणि एक सिलिंड्रिकल ग्राइंडर. आठवड्याची मागणी ६०० शाफ्ट, ४०० फ्लँज आणि ९०० बुश. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. मोल्डिंग, शिवणकाम किंवा पॅकिंगची लाइन असली तरी पद्धत हीच.

पायरी १: वेळा स्वतः मोजा

प्रत्येक पार्टचा रूट लिहून काढा: कोणतं ऑपरेशन, कोणत्या मशीनवर, कोणत्या क्रमाने. मग प्रत्येक ऑपरेशनचा सायकल टाइम. इथेच पहिली ठेच लागते, कारण मशीनच्या स्क्रीनवर दिसतो तो फक्त कटिंगचा वेळ. दार उघडणं, नग काढणं, हवा मारून चिप्स उडवणं, नवा नग बसवून क्लॅम्प करणं, गेज लावणं यातलं काहीच त्यात नसतं. आपल्याला हवा असतो एक नग बसवल्यापासून पुढचा नग बसेपर्यंतचा वेळ. स्क्रीन ४ मिनिटं ५० सेकंद दाखवते आणि प्रत्यक्षात ६ मिनिटं लागतात, असा फरक असेल तर ४०० नगांमागे तो साधारण ४६७ मिनिटांचा होतो. म्हणजे एक अख्खी शिफ्ट हिशोबातून गायब.

मोजायची पद्धत साधी आहे. शिफ्टच्या मधल्या वेळेत सलग १० नग घड्याळ लावून मोजा. मग दुसऱ्या एखाद्या दिवशी पूर्ण शिफ्टचे तासागणिक नग मोजा. दोन्हींत तफावत आली तर दुसरा आकडा धरा, कारण आपल्याकडे कोणी घड्याळ घेऊन बघतंय म्हटल्यावर ऑपरेटरचा वेग बदलतो, कधी वर, कधी खाली. इन्सर्ट (टूलची बदलता येणारी धार) बदलणं, ऑफसेट देणं (टूलची झीज भरून काढायला माप थोडं सरकवणं) ही अधूनमधून येणारी कामंही नगांवर वाटून टाका. ५० नगांनंतर ५ मिनिटं इन्सर्टला जात असतील तर नगामागे ०.१ मिनिट.

सेटिंगचा वेळ वेगळा नोंदवा. जुन्या जॉबचा शेवटचा चांगला नग निघाल्यापासून नव्या जॉबचा पहिला नग क्वालिटीकडून पास होईपर्यंत, असा तो मोजायचा. ऑपरेटर सांगतो "पाऊण तास", कारण त्याच्या लेखी फिक्स्चर (नग पकडून ठेवणारी चौकट) बसलं की सेटिंग संपलं. पुढे पहिला नग तपासणीच्या टेबलावर अर्धा तास पडून राहतो आणि मशीन बंदच असतं, ते मात्र कोणाच्याच हिशोबात येत नाही.

आपल्या उदाहरणात नगामागे लागणारी मिनिटं अशी: शाफ्टला सॉवर १, लेथवर ४, व्हीएमसीवर ३, ग्राइंडरवर २.५. फ्लँजला सॉवर १.५, लेथवर ५, व्हीएमसीवर ६, ग्राइंडिंग नाही. बुशला सॉवर ०.५, लेथवर २, ग्राइंडरवर १.५, व्हीएमसी नाही. सेटिंग सॉवर १०, लेथवर ६०, व्हीएमसीवर ९० आणि ग्राइंडरवर ४५ मिनिटं.

पायरी २: हाताशी असलेली मिनिटं

८ तासांची शिफ्ट म्हणजे ४८० मिनिटं. जेवणाची ३०, चहाची दोनदा १० आणि शेवटच्या साफसफाईची १० वजा केली की उरतात ४२०. दोन शिफ्ट, सहा दिवस, म्हणजे १२ शिफ्ट: ४२० × १२ = ५०४० मिनिटं. ही एका मशीनची कागदावरची क्षमता.

आता मागच्या ६ ते ८ आठवड्यांची नोंद काढा. ब्रेकडाउन, माल नाही म्हणून थांबलेलं मशीन, गैरहजर ऑपरेटर, गेलेली वीज असं सगळं वजा जाऊन प्रत्यक्ष किती टक्के वेळ वापरता आला? आपण ८५ टक्के धरू. ५०४० × ०.८५ = ४२८४. नोंदच नसेल तर उद्यापासून ठेवायला लागा आणि तोवर ८० टक्के धरून चाला. ९५ टक्के मात्र धरू नका. तसं मनापासून वाटत असलं तरी नाही.

एक गोष्ट दोनदा वजा होणार नाही याकडे लक्ष द्या. सेटिंगचा वेळ आपण पुढे लोडमध्ये धरणार आहोत, म्हणून या ८५ टक्क्यांत तो नको. ओईई (मशीनची एकूण परिणामकारकता दाखवणारा टक्का) वापरत असाल तर त्या आकड्यात सेटिंग, मंदावलेला वेग आणि रिजेक्शन हे तिन्ही आधीच वजा झालेलं असतं. तो आकडा घेऊन वर पुन्हा सेटिंग मिळवलं की मशीन विनाकारण भरलेलं दिसतं. यातली कोणती पद्धत घ्यायची ते एकदा ठरवा आणि सगळ्या मशीनना तीच लावा.

रिजेक्शनचा हिशोब नगसंख्येत करा. ६०० चांगले नग हवेत आणि १५ टक्के बाद होतात, तर सोडायचे नग ६०० ÷ ०.८५ = ७०६. नवखे ६०० वर सरळ १५ टक्के चढवतात, ६९० सोडतात आणि शेवटी १३-१४ नग कमी पडतात. आपल्या उदाहरणातली मागणी रिजेक्शन धरूनच घेतली आहे.

पायरी ३: लोड काढा

लोड म्हणजे नग गुणिले सायकल टाइम, अधिक लॉट गुणिले सेटिंग. लॉट म्हणजे एका सेटिंगमध्ये सलग काढलेले नग. प्रत्येक पार्टचे आठवड्याला दोन लॉट धरू.

| मशीन | चालवण्याची मिनिटं | सेटिंग | एकूण लोड | खरी क्षमता | लोड टक्के |
|---|---|---|---|---|---|
| बँड सॉ (१) | १६५० | ६० | १७१० | ४२८४ | ४० |
| सीएनसी लेथ (२) | ६२०० | ३६० | ६५६० | ८५६८ | ७७ |
| व्हीएमसी (१) | ४२०० | ३६० | ४५६० | ४२८४ | १०६ |
| ग्राइंडर (१) | २८५० | १८० | ३०३० | ४२८४ | ७१ |

व्हीएमसीची ओळ नीट बघा. कागदावरच्या ५०४० मिनिटांशी तुलना केली असती तर लोड ९० टक्क्यांच्या आसपास दिसला असता आणि ऑर्डर बिनधास्त घेतली गेली असती. प्रत्यक्षात २७६ मिनिटांची तूट आहे. ती दर आठवड्याला साचत जाते, आणि महिनाभराने "ऑपरेटर काम करत नाहीत" या निष्कर्षावर मीटिंग संपते.

व्हीएमसी हे इथलं बॉटलनेक, म्हणजे सगळ्यांना अडवणारी अरुंद जागा. शॉपमधून आठवड्याला किती शाफ्ट आणि फ्लँज बाहेर पडतील हे तेच ठरवतं. पण मशीनची यादी संपली की शोध थांबवू नका. एकच ऑपरेटर दोन लेथ बघत असेल तर माणूसही बॉटलनेक असू शकतो. दोन लेथवर एकाच वेळी फ्लँज लावायचे ठरवलं आणि सॉफ्ट जॉचा (नग पकडणाऱ्या जबड्यांचा) सेट एकच आहे, तर शेड्यूल तिथेच संपलं. तपासणीचं टेबल तर हमखास सुटतं: सगळ्या मशीनचे पहिले नग एकाच इन्स्पेक्टरकडे येतात आणि सकाळी रांग लागते. हीट ट्रीटमेंट किंवा प्लेटिंग बाहेरून होत असेल तर तिथे मिनिटांचं गणित चालत नाही. त्यांची भट्टी भरेपर्यंत आपला माल थांबतो, म्हणून ते दिवसांत धरा, आणि जाण्या-येण्यासकट.

पायरी ४: तूट भरून काढा

बहुतेकांना आधी ओव्हरटाइम किंवा नवं मशीन आठवतं. त्याआधी करण्यासारखं बरंच असतं, आणि क्रमही महत्त्वाचा आहे.

आधी सेटिंग. ९० मिनिटांपैकी बराच वेळ मशीन थांबवून करायची गरज नसलेल्या कामांत जातो: फिक्स्चर शोधणं, टूल होल्डरमध्ये लावणं, टूलची लांबी मोजणं, गेज आणणं, प्रोग्रॅम शोधणं. जपानच्या शिगेओ शिंगो यांनी हेच वेगळं काढून दाखवलं: मशीन चालू असताना करता येणारी कामं बाहेर काढा, उरलेली सोपी करा. पुढच्या जॉबची ट्रॉली आदल्या शिफ्टमध्ये भरून ठेवली आणि पहिल्या नगाची तपासणी रांग मोडून आधी केली, असं करत सेटिंग ४० मिनिटांवर आलं असं समजू. चार सेटिंगचे ३६० ऐवजी १६० मिनिटं, म्हणजे लोड ४३६०. तूट अजून आहेच.

लॉट मोठे करून दोनच सेटिंग केली तर आणखी ८० मिनिटं वाचतात. पण त्याची किंमत दुप्पट साठा आणि दुप्पट वाट बघणं. सेटिंग कमी करता येत असताना लॉट वाढवणं हा उलटा मार्ग आहे. आधी ते, मगच हे.

मग सुट्ट्या. जेवण आणि चहाच्या ५० मिनिटांत व्हीएमसीवर बदली ऑपरेटर द्या. सगळ्या मशीनना नको, फक्त यालाच. १२ शिफ्टमध्ये ६०० मिनिटं वाढतात, ८५ टक्क्यांनी ५१०. क्षमता ४७९४, लोड ९१ टक्के.

अजून काम हलवता येईल का? फ्लँजच्या ६ मिनिटांत १.५ मिनिट चार भोकं पाडण्यात जातं. कोपऱ्यात पिलर ड्रिल रिकामं उभं आहे. जिग (ड्रिलला नेमक्या जागी नेणारा साचा) बनवून ती भोकं तिथे पाडली तर नगामागे २.५ मिनिटं लागतील. हिशोबनीस म्हणेल की काम महाग झालं. पण ड्रिलची मिनिटं रिकामी होती आणि व्हीएमसीची एकेक मिनिटं मोलाची. ४०० × १.५ = ६०० मिनिटं सुटली, लोड ३७६० वर आला, म्हणजे ७८ टक्के. इतकं झालं की व्हीएमसी आणि लेथ जवळजवळ सारखे भरलेले आहेत, त्यामुळे इथून पुढे लेथवरही डोळा ठेवावा लागेल.

९१ टक्क्यांवर का थांबलो नाही? कारण वाट बघण्याचा वेळ लोडच्या प्रमाणात सरळ वाढत नाही. कामं अनियमित येत असतील आणि त्यांना लागणारा वेळही कमीजास्त होत असेल, तर रांगांच्या साध्या सूत्राप्रमाणे ८० टक्के भरलेल्या मशीनसमोर सरासरी थांबणं प्रत्यक्ष कामाच्या वेळेच्या ४ पट असतं, ९० टक्क्यांना ९ पट, ९५ टक्क्यांना १९ पट. नीट शेड्यूल केलेल्या शॉपमध्ये आकडे याहून बरे असतात, पण वक्र तोच. बॉटलनेकवर ८५ टक्क्यांच्या आसपास लोड ठेवा आणि उरलेली जागा रिकामी दिसली तरी विकू नका. ब्रेकडाउन आणि तातडीची ऑर्डर दोन्ही तिथेच मावतात.

पायरी ५: तारखेपासून मागे या

फ्लँजचा २०० नगांचा लॉट शुक्रवारी संध्याकाळी द्यायचा आहे. व्हीएमसीनंतर डीबरिंग (कडांवरचे धारदार कंगोरे काढणं), तपासणी आणि पॅकिंगला एक दिवस, म्हणून व्हीएमसीचं काम गुरुवारअखेर संपायला हवं. त्याला लागणारा वेळ २०० × ४.५ + ४० = ९४० मिनिटं. व्हीएमसीची दिवसाची खरी क्षमता ४७९४ ÷ ६ = ७९९. म्हणजे साधारण १.२ दिवस, आणि सुरुवात बुधवारच्या दुसऱ्या शिफ्टमध्ये. बॉटलनेक मालाविना थांबू नये म्हणून त्याच्यासमोर अर्धा-पाऊण दिवसाचा साठा आधीच उभा असावा, तेव्हा नग मंगळवारअखेर तिथे पोचायला हवेत.

त्याआधी लेथ: २०० × ५ + ६० = १०६० मिनिटं. त्यानंतर ड्रिल: २०० × २.५ = ५०० मिनिटं. पूर्ण लॉट लेथवर संपल्यावर ड्रिलला दिला तर १५६० मिनिटं लागतात. ५०-५० नगांच्या ट्रेने पुढे सरकवला तर लेथवरचे शेवटचे ५० संपल्यानंतर ड्रिलची फक्त १२५ मिनिटं उरतात, म्हणजे एकूण ११८५. नवं मशीन नाही, ओव्हरटाइम नाही, आणि ३७५ मिनिटं वाचली. एका लेथची दिवसाची खरी क्षमता ७१४ मिनिटं, म्हणून ११८५ ला पावणेदोन दिवसांच्या आत-बाहेर. लेथ सोमवारी सकाळी सुरू. सॉचं काम ३१० मिनिटांचं, ते शनिवारी. बार शुक्रवारअखेर स्टोअरमध्ये, तपासणी होऊन.

थोडक्यात, शुक्रवारची डिलिव्हरी म्हणजे आदल्या शुक्रवारचा कच्चा माल. खरेदी विभागाला ही तारीख द्या. ग्राहकाची तारीख दिलीत तर माल त्याच तारखेला येतो.

माल हाती आहे म्हणून याहून लवकर मात्र सोडू नका. व्हीएमसीसमोर ५०० नग साचले आणि तिथून दिवसाला १६७ निघतात, तर नव्याने आलेला नग तीन दिवस थांबणार. साठा भागिले निघण्याचा वेग म्हणजे थांबण्याचा काळ. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये हा नियम सिद्ध केला. सॉ ४० टक्के भरलेली आहे म्हणून ऑपरेटरला कामाला लावायला बार कापत राहिलं, तर वाढतो तो फक्त हा काळ. सॉ रिकामी उभी राहिली तरी चालेल.

पायरी ६: क्रम

बॉटलनेकवरचा क्रम आधी ठरवा, बाकी मशीन त्याच्यामागे येतात. मूळ नियम: ज्याची डिलिव्हरी आधी, तो जॉब आधी. त्यात एकाच फिक्स्चरवर किंवा व्हाइसवर चालणारे जॉब शेजारी आणता आले तर सेटिंग वाचतं, पण त्यापायी कोणाची तारीख जात असेल तर नको. छोटे जॉब आधी घेतले की सरासरी प्रतीक्षा कमी होते. मोठे जॉब मात्र मागेच राहतात, आणि नेमके त्यांचेच ग्राहक फोन करतात.

सगळे जॉब आधी एका मशीनवर आणि मग दुसऱ्यावर जात असतील, तर एस. एम. जॉन्सन यांचा १९५४ चा नियम हाताने वापरता येतो. सगळ्यांत छोटा वेळ शोधा. तो पहिल्या मशीनवरचा असेल तर जॉब सर्वांत आधी, दुसऱ्यावरचा असेल तर सर्वांत शेवटी. तो जॉब खोडा आणि उरलेल्यांना हेच करा. चार जॉब घ्या, कंसात पहिल्या आणि दुसऱ्या मशीनवरचे तास: क (३, ६), ख (५, २), ग (१, २), घ (७, ५). नियमाने क्रम येतो ग, क, घ, ख आणि सगळं १८ तासांत संपतं. ख, घ, क, ग असं लावलं तर तेच चार जॉब २५ तास घेतात.

ठरलेलं शेड्यूल भिंतीवर बार चार्टने लावा, आडवा काळ आणि उभी मशीन. प्रत्येक पट्टीवर जॉब नंबर, नग, सुरू आणि संपण्याची वेळ. सेटिंगची पट्टी वेगळ्या रंगात काढा, नाहीतर ती हळूहळू विसरली जाते. मेंटेनन्सचीही पट्टी काढा. तिला शेड्यूलमध्ये जागा दिली नाही तर मशीन स्वतःची सुट्टी स्वतः घेतं, तीही चुकीच्या दिवशी.

पायरी ७: रोज चालवणं

चालू आठवडा गोठवा. त्यात बदल करायचा तर एकाच माणसाची सही लागेल असं ठरवा. त्यापुढचे दोन आठवडे क्रम बदलता येतो, त्यापलीकडचं सगळं तात्पुरतं.

तातडीची ऑर्डर येणारच. मधेच घुसवण्याआधी सेल्सला आकडा दाखवा: चालू जॉब उतरवून तातडीचा चढवणं आणि पुन्हा जुना चढवणं, म्हणजे बॉटलनेकवर दोन जादा सेटिंग, ८० मिनिटं, व्हीएमसीच्या दिवसाच्या क्षमतेचा दहावा हिस्सा. त्याऐवजी चालू लॉट संपल्यावर लगेच घेतला तर एकच जादा सेटिंग, आणि तेवढ्याने बहुतेक वेळा काम भागतं.

बॉटलनेकपाशी तासागणिक फळा ठेवा: ठरलेले नग, झालेले नग, फरकाचं कारण. कारण एका ओळीत आणि ठोस लिहायचं. "मशीन प्रॉब्लेम" चालणार नाही. "कूलंट पंप बंद, २५ मिनिटं" चालेल. दर आठवड्याला ही कारणं मिनिटांप्रमाणे उतरत्या क्रमाने लावा आणि वरच्या दोनांवरच काम करा.

नियोजकाने रोज सकाळी बघायचं ते इतकंच: बॉटलनेकसमोर साठा किती, काल ठरलेल्यापैकी किती झालं, आणि पुढच्या तीन दिवसांत सुरू होणाऱ्या जॉबचा माल, फिक्स्चर, टूल, गेज, प्रोग्रॅम आणि ड्रॉइंग जागेवर आहे का. शेवटची तपासणी स्वतः स्टोअरमध्ये जाऊन करा. सिस्टिममध्ये ४०० बार दिसतात आणि रॅकवर ३१० असतात, हा नेहमीचा प्रकार आहे.

महिन्यातून एकदा ८५ टक्क्यांचा आकडा, सायकल टाइम आणि लोडचा तक्ता नव्याने काढा. पार्टची टक्केवारी बदलली की बॉटलनेक हलतं. बुश ९०० वरून १५०० झाले तर लेथवर १२०० मिनिटं वाढून लोड ७७६० होतो, म्हणजे ९१ टक्के, ग्राइंडरवर ९०० मिनिटं वाढून ३९३०, म्हणजे ९२ टक्के, आणि ७८ टक्क्यांवरचं व्हीएमसी बाजूला पडतं. अशा वेळी बदली ऑपरेटर, तासागणिक फळा आणि समोरचा साठा तिघांनाही ग्राइंडरकडे हलवायचं, आणि लेथवरही डोळा ठेवायचा.

हे सगळं पहिले काही महिने स्प्रेडशीटवरच करा: एका शीटवर रूट आणि वेळा, दुसऱ्यावर मागणी, तिसऱ्यावर लोड. सॉफ्टवेअर घ्यायची वेळ आली की विक्रेत्याला तुमच्याच तीन पार्टचा हा तक्ता द्या आणि त्याच्या स्क्रीनवर १०६ टक्के येतात का ते बघा.